गेमसाठी प्रोसेसर घेताना कोअर किती हवेत?

नवी मुंबईच्या महापे, रबाळे, ऐरोली आणि पनवेल या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत डेटा सेंटरच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा ठिकाणच्या सर्व्हरमध्ये एकेका प्रोसेसरला शंभराहून जास्त कोअर असू शकतात. एएमडीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या एपिक मालिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोसेसरला १९२ कोअर आहेत. तो नेरुळ-खारघरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आणून त्यावर ‘व्हॅलोरंट’ चालवला, तर आठ कोअरचा, किमतीने त्याच्या पासंगालाही न पुरणारा घरगुती प्रोसेसर त्याला सहज मागे टाकेल.

बारावीचा निकाल लागला, इंजिनीअरिंगला प्रवेश झाला की नवी मुंबईतल्या अनेक घरांत नवा डेस्कटॉप घ्यायचं ठरतं. मुलाला कोडिंग करायचं असतं, गेमही खेळायचे असतात, एकीकडे डिस्कॉर्डवर मित्र हवे असतात, ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे असतात. दुकानदार कोटेशन लिहून देतो आणि त्यात कोअरचा आकडा जितका मोठा तितका प्रोसेसर चांगला, असं घरातले सगळे धरून चालतात. या एका समजुतीपायी बजेटचा मोठा हिस्सा चुकीच्या जागी जातो, म्हणून ती नीट तपासून पाहायला हवी.

एकाच प्रोसेसरमध्ये इतके कोअर आले कशामुळे? उष्णतेमुळे. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता, त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोहोचला. म्हणजे अकरा वर्षांत वेग सत्तावन्न पट झाला. त्यानंतर वीस वर्षं गेली आणि २०२४ मधल्या इंटेलच्या कोअर आय९-१४९००केएस या प्रोसेसरची कमाल झेप ६.२ गिगाहर्ट्झ होती. सत्तावन्न पटींनंतर जेमतेम दीड-पावणेदोन पट! आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्याला लागणारं व्होल्टेजही कमी करता येतं आणि चिपच्या तेवढ्याच क्षेत्रफळातली उष्णता वाढत नाही. तीस वर्षं हे गणित जुळत राहिलं. पुढे ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले, की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी खाली नेता येईना. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेग वाढवायचा, तर चिप भाजून निघणार हे उघड झालं. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ त्याच २००४ मध्ये रद्द केला आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोघांचेही दोन कोअरचे घरगुती प्रोसेसर बाजारात आले. एका कोअरला आणखी पळवणं परवडेना, म्हणून कोअर वाढले.

त्या पहिल्या पेंटियमच्या निर्मितीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. इंटेल सोडून ते नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि पेंटियमला टक्कर देणारा के६ हा प्रोसेसर १९९७ मध्ये त्याच वाटेने आला. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. इंटेलचे भक्त आणि एएमडीचे भक्त यांच्यात आजही हिरीरीने वाद चालतात. एकाच माणसाची विद्या दोन्हीकडे कामी आलेली असताना कंपनीशी निष्ठा बाळगून प्रोसेसर घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

कोअर वाढले खरे, पण गेमला ते सगळे वापरता येत नाहीत. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर पूर्ण वेगाने खेळायचं, तर प्रत्येक फ्रेम साधारण ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. तेवढ्यात माउस-कीबोर्डची हालचाल वाचायची, कोण कुठे आहे ते ठरवायचं, टकरी आणि गोळ्यांचं गणित करायचं, मग काय काय रंगवायचं याची यादी ग्राफिक्स कार्डच्या हाती द्यायची. यातली बरीच कामं एकापाठोपाठ एकच होऊ शकतात. गोळी लागली की नाही हे ठरल्याशिवाय शत्रू पडला की नाही ते ठरत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच या अडचणीवर बोट ठेवलं होतं. समजा, एका फ्रेमच्या कामातला ४० टक्के भाग असा एका ओळीतच करावा लागतो. मग सहा कोअर लावले तर वेग दुप्पट होतो. सोळा लावले तर सुमारे २.३ पट. हजार लावले तरी अडीच पटीच्या पुढे जात नाही. सहाच्या पुढच्या दहा कोअरसाठी मोजलेल्या पैशांतून हातात काय पडलं, ते या आकड्यांतच दिसतं. तो ४० टक्के भाग जो एकटा कोअर ओढतो, तो कोअर किती चपळ आहे यावर गेम ठरतो. सर्व्हरच्या १९२ कोअरपैकी प्रत्येक कोअर त्या मानाने धिमा असतो. हजारो लोकांच्या स्वतंत्र मागण्या एकाच वेळी हाताळायला असा प्रोसेसर बनवला आहे आणि त्या कामात त्याचा हात कोणी धरणार नाही.

चपळपणा म्हणजे नुसते गिगाहर्ट्झही नव्हेत. ५ गिगाहर्ट्झचा कोअर सेकंदाला ५०० कोटी ठोके देतो. त्याला हवी असलेली माहिती रॅममधून यायला ८० नॅनोसेकंद लागले, तर तो सुमारे ४०० ठोके बसून राहतो. तीच माहिती चिपवरच्या सर्वांत जवळच्या कॅशमध्ये असेल तर चार-पाच ठोक्यांत मिळते, तिसऱ्या पातळीच्या मोठ्या कॅशमध्ये असेल तर साधारण पन्नास ठोक्यांत. स्वयंपाक करताना मीठ ओट्यावर असणं आणि चिमूटभर मिठासाठी दर वेळी वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्द गाठणं, इतका हा फरक आहे. गेमच्या जगात शेकडो वस्तू, पात्रं, भिंती, दारं असतात आणि पुढच्या क्षणी यांतल्या कशाची माहिती लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून गेम हे रॅमकडे वारंवार धाव घेणारं काम ठरतं.

एएमडीच्या अभियंत्यांनी यावर जो उपाय काढला, तो गेल्या काही वर्षांतला घरगुती संगणकातला सर्वांत देखणा उपाय आहे असं मी मानतो. त्यांनी ३२ मेगाबाइट कॅश असलेल्या चिपवर ६४ मेगाबाइट कॅशची आणखी एक पातळ चिप चढवली आणि दोन्ही तांब्याच्या सूक्ष्म जोडांनी एकजीव केल्या. एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला. त्याचा वेग त्याच्याच साध्या भावंडापेक्षा, म्हणजे ५८००एक्सपेक्षा, कमी ठेवावा लागला होता, कारण वरच्या थरामुळे उष्णता बाहेर पडायला अडथळा होत होता. तरीही बहुतेक गेममध्ये तोच पुढे राहिला. गिगाहर्ट्झ कमी आणि फ्रेम जास्त! नोव्हेंबर २०२४ मधल्या ९८००एक्स३डीमध्ये हा कॅशचा थर कोअरच्या खाली नेला. कोअर थेट कूलरच्या बाजूला आले आणि वेग कमी ठेवण्याची गरज फारशी उरली नाही. आठच कोअरचा हा प्रोसेसर बाजारात आला तेव्हा गेममध्ये त्याच्यापुढे दुसरा नव्हता.

आता मल्टिटास्किंग. पंचवीस टॅब उघडे आहेत म्हणजे प्रोसेसरवर पंचवीस कामांचा भार आहे, असं नसतं. मागे पडलेले टॅब बहुतेक वेळ झोपलेले असतात. ते जागा अडवतात ती रॅममध्ये. १६ जीबी रॅम भरली की विंडोज माहिती एसएसडीवर टाकायला लागतं आणि गेम अडखळतो. दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो. डिस्कॉर्ड आणि गाणी यांचा भार किरकोळ असतो. गेम रेकॉर्ड करायचा असेल, तर व्हिडिओ एन्कोड करण्यासाठी ग्राफिक्स कार्डात वेगळा भाग असतोच, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो निवडला की प्रोसेसर मोकळा राहतो. कोअर खरोखर खाणारी कामं निराळी आहेत: व्हिडिओ एडिट करून एक्स्पोर्ट करणं, ब्लेंडरमध्ये रेंडर, मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणं, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवणं. यातलं काही रोज होत असेल, तर बारा-सोळा कोअरचे पैसे वसूल होतात.

इंटेलने नोव्हेंबर २०२१ मधल्या बाराव्या पिढीपासून या दोन गरजा एकाच चिपवर बसवल्या. काही कोअर मोठे आणि चपळ, काही छोटे आणि कमी वीज खाणारे. कोअर आय५-१४६००केमध्ये १४ कोअर आहेत, पण त्यांतले मोठे सहाच. गेम त्या सहांवर चालतो, मागची कामं आठ छोट्यांवर. कोणतं काम कुठे टाकायचं हे ठरवायला विंडोज ११ ला चिपकडून सूचना मिळतात. म्हणून दुकानात ‘१४ कोअर’ ऐकलं की त्यातले मोठे किती, हा प्रश्न लगेच विचारावा.

नवी मुंबईकरांनी आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा, तो म्हणजे उकाडा. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर तो किती अंश चढतो, एवढंच कूलर ठरवतो. २४ अंशांच्या एसीत प्रोसेसर ७५ वर असेल, तर मे महिन्याच्या दुपारी ३४ अंशांच्या खोलीत तो ८५ च्या आसपास जाणार. इंटेलचे बरेचसे प्रोसेसर १०० अंशांजवळ आणि एएमडीचा ७८००एक्स३डी ८९ अंशांजवळ स्वतःहून वेग कमी करतात. परदेशी यूट्यूबवरच्या चाचण्या बहुधा थंड खोलीत झालेल्या असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं. शिवाय गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरते. २५३ वॅटपर्यंत खाणारा आय९ आणि ३०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड मिळून सुमारे ५५० वॅट होतात. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला सहावा हिस्सा एकट्या संगणकापायी खर्ची पडेल. खारघर-उलव्याच्या बांधकामांची धूळ पावसाळी दमट हवेत कूलरच्या पात्यांना चिकटून बसते. समोर जाळी आणि धुता येणारा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या आणि पावसाळा संपला की ते उघडून साफ करा.

जास्त वीज ओतून वेग काढण्याचा दुसरा परिणाम २०२४ मध्ये दिसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीचे काही प्रोसेसर गेम चालू असताना कोसळू लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे चिपची झीज होत होती. कंपनीने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. या पिढ्यांचा प्रोसेसर घेतलात, तर मदरबोर्डचं बायोस पहिल्याच दिवशी अपडेट करा. सेकंडहँड घेताना तो अपडेटशिवाय किती काळ चालला हे कळायला मार्ग नसतो, म्हणून ते मी टाळेन.

संगणक खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी घरच्या जुन्या संगणकावर एक चाचणी करता येते. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम भराभर वाढल्या, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, प्रोसेसर बदलून काही होणार नाही. फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर प्रोसेसर मागे पडतोय. टास्क मॅनेजरमधल्या एकूण टक्केवारीवर मात्र जाऊ नका. सोळा थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी सोळा कामं चालवणाऱ्या, प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरलेला असला, तरी तिथे सहा टक्केच दिसतात.

खरेदीचं माझं मत असं. ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि मध्यम ग्राफिक्स कार्ड असेल, तर रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ पुरतो. दोघांनाही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. मात्र दोघांतही ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. नवा संगणक चार-पाच वर्षांच्या हिशेबाने घ्यायचा असेल, तर एएम५ सॉकेटवरचा रायझन ५ ७६०० घ्यावा, कारण त्याच मदरबोर्डवर पुढे एक्स३डी बसवता येतो. अडचण एकच, त्याला डीडीआर५ रॅम लागते आणि एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यापासून, म्हणजे २०२५ च्या अखेरीपासून, रॅमचे भाव भडकले आहेत. तरी १६ जीबीच्या दोन कांड्या मिळून ३२ जीबी घेता आली तर बघा. कांडी एकच घेतली, तर रॅमकडे जाणारा अर्धा रस्ता बंद राहतो. ९८००एक्स३डी फक्त १४४ हर्ट्झच्या वरचा मॉनिटर आणि तगडं कार्ड असणाऱ्यांनी घ्यावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे स्वस्तात मिळतो म्हणून सातव्या पिढीचा आय७ उचलू नका. बाकी बहुतेक घरांसाठी सहा चपळ कोअर पुरेसे आहेत. आठ, बारा किंवा सोळा कोअरसाठी बाजूला काढलेले जास्तीचे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.