भूगोलाचा अभ्यास दौंडपासून सुरू व्हावा

अकरावी-बारावीचा भूगोल म्हणजे कला शाखेतला पाठांतराचा विषय, हा समज फार पक्का झाला आहे. दौंडच्या विद्यार्थ्यांपुरता तरी तो खोटा ठरायला हवा, कारण पुस्तकातली बहुतेक प्रकरणे त्यांच्या तालुक्यातच पाहायला मिळतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा अवर्षणप्रवण मुलूख. तरीही खडकवासल्याचा कालवा आणि भीमा नदी यांच्या जिवावर इथे ऊस उभा आहे. पाऊस कमी आणि पीक मात्र भरपूर पाणी पिणारे, असे का? या एका प्रश्नामागे निघाले की धरण, उपसा सिंचन, साखर कारखाना आणि पुण्याची वाढती पाण्याची गरज यांचा संबंध उलगडत जातो. मुळा-मुठा पुण्याचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे दौंडवरून उजनी जलाशयात जाते. शहर आणि ग्रामीण भाग यांचे नाते शिकायला याहून चांगला नकाशा नाही.

वस्ती आणि वाहतूक यांचेही तसेच. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग दौंडवरून पुढे सरकला, १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला गेला आणि भीमाकाठचे हे गाव जंक्शन झाले. पुढे कुरकुंभला रासायनिक उद्योग आले. गाव कशामुळे वाढते, याचे उत्तर इथे पाठ करावे लागत नाही, शोधता येते.

यावर शिक्षक म्हणतील, लेखी परीक्षेच्या ओझ्यातून वेळ कुठून काढायचा? पण प्रात्यक्षिकाचे गुण अभ्यासक्रमातच आहेत; त्यासाठी आपल्याच तालुक्याचा स्थलदर्शक नकाशा वापरला तर वेगळा वेळ लागत नाही, आणि पाहिलेले उदाहरण लेखी उत्तरातही उतरते. पालक विचारतील, यातून नोकरी मिळेल का? राज्यसेवेच्या अभ्यासात महाराष्ट्राचा भूगोल आहेच, शिवाय संगणकावरच्या नकाशांचे ज्ञान नगरनियोजनापासून पीकपाहणीपर्यंत लागते. दृष्टी तालुक्यापुरती कोती होईल, ही भीतीही खरी नाही. दौंडचा पाऊस कमी का, हे समजायला मोसमी वारे आणि पश्चिम घाट समजून घ्यावेच लागतात. म्हणून कनिष्ठ महाविद्यालयांनी वर्षातून निदान एक क्षेत्रभेट नदीकाठी, कालव्यावर किंवा स्टेशनात घ्यावी, आणि तिचा अहवाल विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा.