खवळलेल्या समुद्रात ‘रिव्हर्स’

मासेमारी नौका मागे घेताना

लाट फोडण्यासाठी नौकेची नाळ उंच व निमुळती असते. मागची बाजू जाळे ओढता यावे म्हणून बुटकी. रिव्हर्समध्ये हीच बुटकी बाजू लाटेला सामोरी जाते. पाणी थेट डेकवर चढते, इंजिनघरातही शिरू शकते.

• सुकाणू : पुढे जाताना पंख्याचा (प्रॉपेलरचा) झोत सुकाणूवर आदळतो, मागे जाताना नाही. नौका एका बाजूला ओढली जाते. लाटेला आडवी झाल्यास कलंडू शकते.

• जाळे : सर्वांत फसवा धोका. सैल दोर पंख्यात गुंडाळला की इंजिन बंद.

• खवळलेल्या समुद्राचा काळ : महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून.