तीनचाकी गोल्डविंगची जादा टाकी
अमेरिकेत होंडा गोल्डविंग मोटारसायकलला मागे दोन चाकं बसवून ट्राइक करून घेणारे बरेच आहेत. जुन्या जीएल१८०० मॉडेलची मूळ टाकी साधारण २५ लिटरची. लांबच्या प्रवासासाठी काहीजण मागच्या भागात जादा टाकी बसवतात. इंजिन मात्र पेट्रोल मूळ टाकीतूनच घेतं. अनेक जोडण्यांत जादा टाकीतलं पेट्रोल बटण दाबून छोट्या पंपाने मूळ टाकीत सोडतात, तेही तिथे पुरेशी जागा झाल्यावरच. नाहीतर ते उतू जाईल, आणि तापलेल्या इंजिनाजवळ हा धोका फार मोठा.

या जोडणीत सहज दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे जादा टाकीची हवेची नळी. पेट्रोल निघालं तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीतला दाब घटतो आणि धडधाकट पंपही पेट्रोल ओढू शकत नाही. पंप बदलण्याआधी ही नळी तुंबली आहे का, ते पाहावं.