सीट मऊ नको, मापाची हवी

शंभर किलोमीटर सायकल चालवून आलेल्या नवशिक्याला काय दुखते असे विचारले, तर तो पायांचे नाव सहसा घेत नाही. दुखणारी जागा चारचौघांत सांगण्यासारखी नसते! मग तो दुकानातून जाडजूड जेलचे कव्हर आणतो, सीटवर चढवतो आणि पुढच्या सफरीत दुखणे पुन्हा हजर होते.

चूक होते ती इथेच. सायकलवर शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा. फार मऊ गादीत ही हाडे रुततात, गादीचा मधला भाग वर येतो आणि नाजूक जागी दाब देतो. तिथल्या नसा व रक्तवाहिन्या दबल्या की मुंग्या येतात, बधिरपणा येतो. पुष्कळ पुरुष लाजेपोटी हे घरातही बोलत नाहीत. पण ‘सवय होईल’ म्हणून सोडून देण्यासारखे हे लक्षण नव्हे. बधिरपणा जाणवताच उतरावे आणि घरी आल्यावरही तो टिकला तर डॉक्टरांना दाखवावे. स्त्रियांमध्ये या हाडांतील अंतर सर्वसाधारणपणे अधिक असते. नवऱ्याच्या सायकलची अरुंद सीट बायकोला टोचते ती त्यामुळे. तिच्या नाजूकपणाला दोष देण्याचे कारण नाही.

घरात सायकल एक आणि चालवणारे तिघे, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. सीटची उंची मात्र कुणीच बदलत नाही. खरे तर हे काम पाच मिनिटांचे! भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. चालवताना पेडलवर चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखू लागते. फार वर असेल तर मागची दुखते आणि कंबर डुलत राहून कातडी सोलवटते. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, हा हट्ट मात्र सोडावा लागतो.

सीट जवळजवळ सपाट ठेवावी. तिचे टोक फार खाली झुकले तर माणूस पुढे घसरतो आणि सारा भार मनगटांवर येतो.

फ्रान्समध्ये 1891 साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सफरीत आज सुमारे 1200 किलोमीटर अंतर जास्तीत जास्त 90 तासांत कापावे लागते. भारतातूनही सायकलपटू तिथे जातात. अशा लांब पल्ल्याच्या कित्येकांची आवडती सीट असते ती चक्क टणक चामड्याची. शेकडो किलोमीटरनंतर ती बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते.

सफरीत दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर क्षणभर उभे राहावे. पॅडच्या चड्डीखाली दुसरे अंतर्वस्त्र घालू नये, त्याच्या शिवणी घासतात. आणि घरी आल्यावर ती चड्डी आधी धुवायला टाकावी. दुसऱ्या दिवशी तीच घामट चड्डी चढवणाऱ्याला गळवे होण्याची भीती असते.