रबर चढवलेलं कापड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

येवल्याच्या हातमागांमुळे कापडावरची विणलेली नक्षी नाशिककरांच्या ओळखीची आहे. कापडावर रबराचा चीक चढवून त्याला शिल्पासारखा उठाव देणाऱ्या वस्त्रकलेबद्दल मात्र बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. त्या दूर व्हायला हव्यात.

गैरसमज : रबर म्हणजे प्लास्टिकच.
वस्तुस्थिती : नैसर्गिक लॅटेक्स हा झाडाचा चीक आहे. आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात रबराच्या बागा आहेत. ताज्या चिकात साधारण एक तृतीयांश रबर आणि बाकी बहुतेक पाणी असतं. विकत मिळणारं लॅटेक्स सुमारे ६० टक्के रबराचं असतं. ते गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, त्यामुळे काम खिडक्या उघड्या ठेवूनच करावं. लॅटेक्सची ॲलर्जी असेल, तर त्याला हात लावू नये.

गैरसमज : रबरी कापड रेनकोटापुरतंच.
वस्तुस्थिती : चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, हे खरं. पण ॲमेझॉनच्या जंगलातले लोक त्याच्या आधीपासून रबराचा चीक वापरत होते. शिल्पकार इव्हा हेस यांनी १९६९ मध्ये विरळ सुती कापडावर लॅटेक्स चढवून ‘एक्सपांडेड एक्सपान्शन’ हे भव्य शिल्प घडवलं. ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे.

गैरसमज : उठावासाठी यंत्र किंवा साचा लागतोच.
वस्तुस्थिती : मलमलीत हरभऱ्याचे दाणे ठेवून प्रत्येकाभोवती दोरा आवळायचा, वर ब्रशने लॅटेक्सचे पातळ हात द्यायचे. आधीचा हात पारदर्शक होऊन वाळला की पुढचा. पूर्ण वाळल्यावर दोरे सोडून दाणे काढले, तरी फुगवटे तसेच राहतात. एकदम जाड थर दिला, तर वरून साय धरते आणि आत ओल राहते.

गैरसमज : रबर कायम टिकतं.
वस्तुस्थिती : ऊन, ओझोन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते पिवळं पडतं, कडक होऊन तडकतं. हेस यांच्या त्या शिल्पातलं लॅटेक्सही काळवंडून ताठर झालं आहे. तांबं तर नैसर्गिक रबराचं वैरीच. नकली जरीच्या अनेक प्रकारांत तांब्याची तार असते. ती लॅटेक्समध्ये गुंफू नये. द्राक्षबागेत फवारतात त्या बोर्डो मिश्रणातही मोरचूद, म्हणजे तांबंच असतं. त्याचे डाग पडलेलं कापड या कामाला घेऊ नये.

नाशिकच्या वस्त्रकलेच्या विद्यार्थ्यांनी रुमालाएवढ्या तुकड्यापासून सुरुवात करावी. काम उन्हापासून दूर ठेवावं आणि मागे तारीख, कापड व लॅटेक्सचा प्रकार नक्की लिहावा. पुढे ते जपणाऱ्याला हीच माहिती लागणार आहे.