गाडी धुताना ओरखडे का पडतात? जालन्याचं पाणी, लोखंडाची धूळ आणि स्पोर्ट्स कारचा रंग

आज रात्री एक छोटा प्रयोग करा. गल्लीत उभ्या असलेल्या एखाद्या काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर मोबाईलचा टॉर्च मारा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. यांना म्हणतात स्वर्ल मार्क. खरं तर हे ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात, पण टॉर्चचा उजेड ज्यांच्यावर आडवा पडतो तेवढेच चमकतात, म्हणून जाळं गोल वाटतं. आणि यातले बहुतेक ओरखडे रस्त्यावर पडलेले नसतात. ते गाडी धुताना आणि पुसताना पडलेले असतात.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. हा रस्ता आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्यावरून एखादी पोर्शे किंवा लॅम्बोर्गिनी गेली की पोरं लगेच रील काढतात. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१० साली जवळपास दीडशे मर्सिडीज एकत्रच बुक झाल्या होत्या आणि त्याची बातमी देशभर गाजली होती. म्हणजे महागड्या गाड्यांची हौस मराठवाड्याला नवीन नाही. प्रश्न धुण्याचा आहे. दोन-तीन कोटींची गाडी असो की मामाची सेकंड हँड स्विफ्ट, वरचा थर जवळपास सारखाच असतो आणि तो सारख्याच चुकांनी खराब होतो.

केसापेक्षा पातळ थर

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. स्पोर्ट्स कारमध्ये पत्र्याऐवजी अॅल्युमिनियम किंवा कार्बन फायबर असेल, पण वर क्लिअर कोट असतोच. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर हा थर केसापेक्षाही पातळ.

गाडीची चमक आणि उन्हापासूनचं संरक्षण याच थरावर अवलंबून असतं. ओरखडे घालवायला पॉलिश करतात तेव्हा मशीन ओरखडा "भरत" नाही. ती आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत घासून सपाट करते. म्हणजे दर पॉलिशला काही मायक्रॉन जातात, आणि ते परत येत नाहीत. मामाच्या आधीच्या काळ्या गाडीचं हेच झालं. दर रविवारी जुन्या बनियनने कोरडी धूळ पुसायची आणि दर दिवाळीला "रबिंग" मारून आणायचं. पाचव्या वर्षी छतावर पांढरे चट्टे आले. तिथला क्लिअर कोट संपला होता. आता रंग काढण्याशिवाय इलाज नव्हता.

जालन्यात काम जास्त अवघड का?

तीन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे माती. इथली काळी माती पावसात चिखल होऊन चाकांच्या वरच्या कमानीत घट्ट बसते, आणि वाळली की बारीक धूळ होऊन सगळीकडे पसरते. त्या धुळीत रेतीचे कणही असतात. रेतीतलं क्वार्ट्झ मोह्सच्या मापावर ७ इतकं कठीण असतं, म्हणजे मोबाईलच्या काचेवरसुद्धा ओरखडा काढणारं. क्लिअर कोट तर त्याहून खूप मऊ.

दुसरी गोष्ट लोखंड. जालना सळईसाठी देशभर ओळखलं जातं. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल असतात तिथे हवेत लोखंडाचे बारीक कण उडतात. शिवाय प्रत्येक गाडीच्या ब्रेकमधूनही ते निघतात. गरम कण क्लिअर कोटवर चिकटतो, ओलावा मिळाला की गंजतो, आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसायला लागतात. ते शाम्पूने निघत नाहीत. त्यासाठी "आयर्न रिमूव्हर" नावाचा स्प्रे येतो. मारल्यावर लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. बघायला भारी वाटतं, पण वास सडक्या अंड्यासारखा येतो. हातात ग्लोव्हज घाला, सावलीत मारा आणि वाळायच्या आत धुऊन टाका.

कण अजून आहेत का हे कसं कळणार? धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून अलगद बोटं फिरवा. खरखर लागली तर कण आहेत. मग क्ले बार वापरतात, म्हणजे मऊ गोळा, जो भरपूर फेसावर हलक्या हाताने सरकवला की कण उपटून घेतो. तो खाली पडला तर उचलून वापरू नका, सरळ फेका.

तिसरी गोष्ट पाणी, आणि हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा विषय.

बोअरचं पाणी आणि पांढरे डाग

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. साधं गणित करा. पाण्याचा टीडीएस १००० असेल, म्हणजे लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार. गाडीवर फक्त १०० मिलिलिटर पाणी तसंच वाळलं तर १०० मिलिग्रॅम क्षार रंगावर बसले. एप्रिलच्या उन्हात बॉनेट तव्यासारखं तापलेलं असतं, तिथे थेंब पुसायच्या आत वाळतो. ताजा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून पुसला तर बऱ्याचदा निघतो. जुना डाग क्लिअर कोटमध्ये खड्डा करतो, मग पुन्हा पॉलिश आणि पुन्हा मायक्रॉन गेले. (जालन्याची मोसंबी कितीही प्रसिद्ध असली तरी तिचा रस बॉनेटवर चोळू नका. साखरेने मुंग्या येतील.)

पेनसारखं टीडीएस मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून क्षारांचा अंदाज देतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० पर्यंत टीडीएस चांगला मानतात, आणि दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालतो. म्हणजे पाणी प्यायला चालतं म्हणून गाडीवर डाग पडणार नाहीत असं अजिबात नाही.

इथे एक चूक बरेच जण चांगल्या मनाने करतात. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुतात. पाणी वाचतं हे खरं, पण त्या पाण्यात क्षार नेहमीपेक्षा जास्त असतात. ते टायर आणि खालचा चिखल काढायला वापरा. शेवटचा हात मात्र आरओच्या शुद्ध पाण्याचा, चार-पाच लिटर पुरतं.

मग धुवायची कशी?

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत, बॉनेट हाताला गार लागेल तेव्हा. चाकं आधी धुवा, कारण सगळ्यात घाण तिथे असते, आणि चाकांचं कापड वेगळं ठेवा. मग गाडीला हात न लावता पाण्याने धूळ काढा. हीच पायरी सगळे गाळतात. प्रेशर वॉशर असेल तर नोझल रुंद फवाऱ्याचं आणि अंतर फूट-दीड फूट. त्यावर फेस मारून पाच मिनिटं थांबा, वाळू देऊ नका.

आता दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट शाम्पूत बुडवा, छतापासून खाली सरळ रेषेत एक भाग पुसा, मग साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. एकाच बादलीत काम केलं तर मघाशी काढलेली रेती तुम्ही परत गाडीवर फिरवताय. कपड्यांचा किंवा भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स उतरवतो. शेवटी जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून अलगद ओढा, रगडू नका.

पाणी किती लागतं? मिनिटाला १० लिटर सोडणारा पाइप वीस मिनिटं चालू ठेवला तर २०० लिटर गेले. दोन बादल्या ३० लिटर, आणि मिनिटाला ६ लिटर घेणारा प्रेशर वॉशर पाच-सहा मिनिटं चालवला तर साधारण ३५. म्हणजे ७० लिटरच्या आत काम होतं. जिथे नळाला रोज पाणी येत नाही आणि टँकरचे पैसे मोजावे लागतात, तिथे हा फरक रंगाइतकाच महत्त्वाचा.

"९एच सिरॅमिक": मोबाईलच्या काचेवरचा तोच आकडा

टेम्पर्ड ग्लासच्या पाकिटावर "९एच" वाचलंय ना? सिरॅमिक कोटिंगवालेही तेच सांगतात. हा हिऱ्याच्या जवळचा मोह्स आकडा नाही. ही पेन्सिलची चाचणी आहे, सगळ्यात कठीण पेन्सिलने ओरखडा पडला नाही एवढाच अर्थ. रेतीने पडतो. सिरॅमिक कोटिंग एखाद-दोन मायक्रॉनचा थर असतो. त्याने पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण "आयुष्यभर ओरखडे नाहीत" असं कुणी म्हणालं तर हात जोडा आणि निघा.

ओरखडे खरंच अडवायचे असतील तर पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरतात. महाग आहे, पण खडी उडवणाऱ्या रस्त्यावर पुढच्या बंपर आणि बॉनेटपुरती तरी कामाची. तिच्या कडांवर प्रेशर वॉशर जवळून मारू नका, कड उचलली जाते.

स्पोर्ट्स कार समोर आली तर

वॉशिंग सेंटरवर काम करणाऱ्या मित्रांनो, मालकाला तीन प्रश्न आधी विचारा. रंग मॅट आहे का? मॅटवर पॉलिश किंवा वॅक्स चालत नाही, चकाकीचे डाग कायमचे राहतात. ब्रेक कार्बन सिरॅमिक आहेत का? मग चाकांवर अॅसिड क्लीनर नको. इंजिन मागे आहे का? मग मागच्या जाळीत प्रेशरने पाणी सोडायचं नाही. आणि गाडी इतकी खाली असते की रॅम्पवर चढवण्याआधी पुढची कड मोजून घ्या.

सेन्सरचंही बघा. ऑटो वायपर बंद करा, नाहीतर ओल्या काचेला हात लावताच ते फिरतात. चावी गाडीपासून लांब ठेवा, कारण पाय हलवला की डिकी उघडणारा सेन्सर पाण्याच्या धारेलाही फसतो. टेस्लामध्ये यासाठी वेगळा कार वॉश मोडच आहे, तो खिडक्या बंद करतो आणि वायपर थांबवतो. ज्या गाड्यांत असा मोड नसतो, तिथे हे सगळं हातानेच करावं लागतं. धुऊन झाल्यावर गाडी लगेच झाकून ठेवू नका. आधी दोन-तीन वेळा हळू ब्रेक दाबत एक चक्कर मारा, डिस्कवरचं पाणी उडून जाईल.