काटकसर कोठे करावी?

थंडी पडू लागली की मध्यमवर्गीय घरातील विजेच्या बिलाचा आकडा वाढू लागतो आणि त्याबरोबर काटकसरीची चर्चाही. पूर्वी न्हाणीघरातील तांब्याचा बंब लाकडांवर नि गोवऱ्यांवर पेटत असे. आज त्याची जागा गिझरने किंवा बादलीत सोडावयाच्या रॉडने घेतली आहे. धूर गेला, श्रम वाचले. परंतु पाणी आणि वीज यांना एकाच छपराखाली सुखरूप नांदविण्याची जबाबदारी आपल्यावर आली. ती आपण पुरती ओळखली आहे, असे दिसत नाही.

प्रथम खर्चाचा विचार करू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटपासून सुमारे ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे २० अंशांचे २० लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट वीज हवी. चौघांच्या कुटुंबात रोज प्रत्येकी एक बादली धरली, तर महिन्याला सुमारे ७० युनिटे केवळ स्नानासाठी खर्ची पडतात. हा हिशेब रॉडला लागू आहे, तसाच गिझरलाही. तेव्हा रॉड वापरल्याने वीज वाचते, ही समजूत निराधार होय. वाचते ती खरेदीची रक्कम. विजेची बचत साधते ती पाणी बेताने वापरल्याने, गिझर तासन्‌तास चालू न ठेवल्याने आणि घरातील स्नाने एकामागून एक उरकल्याने.

आता सुरक्षिततेकडे वळू. १,५०० वॉटच्या रॉडला साडेसहा अँपिअर प्रवाह लागतो. दिव्या-पंख्यांसाठीच्या साध्या सॉकेटची क्षमता ५ किंवा ६ अँपिअरची असते. त्यात हा रॉड लावला की वायर तापते, ढिला जोड काळवंडतो आणि कधीतरी पेटही घेतो. त्या जोडावर वाया गेलेली वीज मीटर मोजतोच! येथे उधळपट्टी आणि धोका एकाच ठिकाणी भेटतात.

दुसरा गैरसमज असा, की फ्यूज किंवा एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे. वस्तुतः ही साधने मुख्यतः वायरींच्या रक्षणासाठी असतात. ओल्या अंगातून काही दशक मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी हृदयाची क्रिया बिघडू शकते. १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने हलतही नाही. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला क्षणार्धात प्रवाह तोडणारा आरसीसीबी हवा आणि त्याच्या जोडीला चांगले अर्थिंग हवे. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगसाठीच असते. परंतु सॉकेटात बसत नाही म्हणून तीच मोडून टाकणारे महाभाग घरोघरी आढळतात. बादलीतील पाणी तापले की नाही हे पाहण्यासाठी बटण बंद करून, प्लग काढून मगच हात घालावा, हा साधा नियमही घाईत विसरला जातो.

भाड्याच्या घरात हा प्रश्न अधिक बिकट होतो. मीटरच्या पुढील वायरिंग वीज कंपनीच्या अखत्यारीत येत नाही. घरमालक ती भाडेकरूवर ढकलतो आणि भाडेकरू ‘आपण किती दिवस राहणार’ म्हणून गप्प बसतो. दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो. त्या निमित्ताने गृहनिर्माण संस्थांनी परवानाधारक तंत्रज्ञाकडून इमारतीच्या अर्थिंगची तपासणी करून घेण्याचा प्रघात पाडला, तर तो दिवस भाषणांपलीकडे सार्थकी लागेल. घरमालकांनीही घर भाड्याने देताना रंगसफेदीइतकीच आस्था वायरिंगबद्दल दाखवावी.

काटकसर हा सद्‌गुण खराच. ती गरम पाण्यात अवश्य करावी. अर्थिंगच्या तारेत करू नये.